कुणाला काही बोलायचंय?

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील पाहुण्या, संस्थेच्या आजी-माजी कार्यकर्त्या, समोर बसलेल्या सगळ्या मैत्रिणी, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या हेडफोनवाल्या ताई... माफ करा, जरा खाकरून घेते. हं.

मला आभाराचं भाषण करायला सांगितलंय, तेही थोडक्यात. पण आभार मानावेत की भांडावं, याचा निकाल माझ्या डोक्यात अजून लागलेला नाही. तेव्हा गाडी घसरली तर सांभाळून घ्या.

आपल्या संस्थेच्या सभा पूर्वी कॅसेटवर ध्वनिमुद्रित होत. लोखंडी कपाटात त्या कॅसेटींना बुरशी लागली होती. ताईंनी मागच्या खोलीत बसून त्या एकेक करून संगणकात उतरवल्या. चहा नेऊन ठेवला तरी खांद्याला हात लावल्याशिवाय त्यांना कळायचं नाही. कितीतरी फिती एकदाच वाजल्या आणि तुटल्या. म्हणजे आता आहे ते संगणकातच.

संस्थापिकांचं भाषण प्रथम ऐकलं तेव्हा आम्ही थक्क झालो. पंख्याची घरघर नाही, कपबश्या नाहीत, जणू बाई शेजारीच बसून बोलताहेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र माझ्या आईला शोधत होते.

आई इथली जुनी सभासद. तिने एकही सभा चुकवली नाही आणि एकाही सभेत ती बोलली नाही. काही सांगायचं असलं की आधी खाकरायची, आणि मग सांगायचीच नाही. घरीसुद्धा तेच. तिचे फोटो ढीगभर आहेत, आवाज कुठेच नाही. वाटलं होतं, इथे निदान ते खाकरणं तरी सापडेल. आणि ताईंनी तर सगळं धुऊनपुसून लख्ख केलेलं! विचारलं, तर म्हणाल्या, खोकणं-खाकरणं काढावंच लागतं. त्यांचं चुकलं का? नाही. मला रडू आलं का? आलं.

पण ताई कापलेलं फेकत नाहीत. मागच्या-पुढच्या वाक्यासकट सगळे तुकडे त्यांनी एका फोल्डरमध्ये ठेवले होते. फोल्डरचं नाव ‘कचरा’. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतःचा हेडफोन माझ्या कानावर चढवला. खोकले, सरकणाऱ्या खुर्च्या, कुणाचं तरी रडणारं बाळ. मग तेव्हाच्या अध्यक्षबाई विचारतात, “कुणाला काही बोलायचंय?” कुणीतरी खाकरतं. आणि एका बारीक आवाजात, जो यंत्रानेही घरघर समजून काढून टाकला होता, “नाही, काही नाही. चालू द्या.”

ती आईच, याची मला खात्री होती. बहिणीला ऐकवलं, तर ती म्हणाली, ही आपली आई नव्हेच. आपल्या ग्रंथपालबाई डोळे पुसत म्हणाल्या, ही माझी मावशी. पहिल्या रांगेतल्या आजी तर छातीठोकपणे सांगतात, अगं, ती मीच. आता आजींच्या हातून माइक कसा काढून घ्यावा लागायचा, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण त्यांच्याशी वाद कोण घालणार? मी पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं. आता मलाही खात्री वाटेनाशी झाली आहे.

परवा ताईंनी विचारलं, “त्या आवाजाला नाव काय देऊ?” आज त्या निघाल्या, तरी माझ्याकडे उत्तर नाही. आईचं नाव द्यावं, तर कुणाच्या तरी मावशीला पुन्हा एकदा गप्प बसवल्यासारखं होईल. ‘अज्ञात’ लिहायला हात धजत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा.

ताई, मी खूप भांडले तुमच्याशी, मनातल्या मनात. तरी तो आवाज मिळाला तो तुमच्यामुळेच, मग तो कुणाचा का असेना. मनापासून आभार. त्या फोल्डरचं नाव मात्र जाण्याआधी बदला.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने पदरात घ्यावं. आणि ताई, आजचंही ध्वनिमुद्रण चालू आहे, यंत्र तुमच्यासमोरच आहे. सुरुवातीला मी खाकरले होते. तेवढं कापू नका.