भूल वासाची की सुईची?

हॅलो?… हो, मी अनुपमाच बोलतेय. बोल आये… नाय गो, समीला अजून आत नेली नाय. दुसरा नंबर हाय तिचा… हो, महाडातच, डोळ्यांच्या दवाखान्यात. बाकड्यावर बसलोय दोघी.

… उपाशीच हाय. रातच्यापासून… नाय, बिस्कीट नाय! अर्धं पण नाय. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं… अगो सात वर्षांची हाय ती. एक सकाळ उपाशी राहिली तर काय होत नाय. पोलादपुरात एस्टीत बसली ती इथे येईपर्यंत झोपलेलीच होती.

… हो, पुरी भूल… तुझ्या मोतीबिंदूची गोष्ट वेगळी. तू डोळ्याजवळ सुई घेतलीस नि गप पडून राहिलीस. ही राहील काय? तिरळा डोळा सरळ करायचा म्हणजे आतला स्नायू सरकवायचा. मध्येच हलली तर?… नाय, रातचं राहायचं नाय. संध्याकाळी घरी.

… ऐक ना गो. भूलवाले डॉक्टर चांगले हायत. त्यांनी समीलाच विचारलं, वासाची पायजे की सुईची? म्हणजे मास्क लावून फुगा फुगवायचा, नायतर हाताला सुई नि तिच्यातून औषध… कुठली घेणार? सुई म्हटल्यावर माझ्या ओढणीत तोंड लपवलं. मास्कच म्हणाली… दोन्हीचं बरंवाईट हाय गो. या ऑपरेशननंतर वासाच्या भुलीने उलट्या जास्त होतात, सुईच्या कमी. पण पोर थयथयाट करणार असेल तर मास्कच बरा, म्हणाले. मी सही केली.

… झालं सुरू तुझं! आये, शाळेत पोरं काय म्हणतात ठाव हाय ना? "समी, तू मला बघतेस का खिडकीला?" फोटो काढायचा म्हटला की मान खाली घालते… मग? कधीतरी करायचंच ना?

… आता श्रीपतमामाचं काय मध्येच?… हो, बर्फात झोपवलेला, शंभर वेळा ऐकलंय. मलेरिया झालेला त्याला… नाय? मग?

… थांब, थांब. परत सांग… पाय मोडलेला. मुंबईला… वासाची भूल दिली… आणि टेबलावरच अंग लाकडासारखं झालं?… ताप चढला, म्हणून बर्फात… ऑपरेशन तसंच सोडलं… आये, नि हे तू मला आता सांगतेस?

… हो. सांगत होतीस. मीच ऐकत नव्हते.

… देवीचा कोप नाय गो तो! सकाळीच फॉर्मात विचारलेलं, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का. मी 'नाही' लिहिलं. माझ्या हाताने… फोन ठेवू नको. डॉक्टर! डॉक्टर, एक मिनिट! माझ्या मामांना… आये, विचारतायत, मामाची लघवी काळी झालेली काय?… हो म्हणते आई, डॉक्टर, कोऱ्या चहासारखी… कागद हायत काय तेव्हाचे?… मामीच्या ट्रंकेत हायत म्हणते.

… आये, आजच्या यादीतून नाव काढलं तिचं… नाय, रागावले नाय. उलट म्हणाले, आईचे आभार माना. हा त्रास रक्तातून येतो म्हणे, नि वरून कळत नाय कुणाला हाय ते. वासाचं औषध बंद म्हणजे बंद. मामाचे कागद बघायचे, मोठ्या डॉक्टरांना विचारायचं, मग पुढच्या बुधवारी सुईची… समी काय, खुश हाय. खायला मागतेय… देते गो, सगळा पुडा देते!… हॅलो?… आये?… गेली रेंज.

*पुढच्या बुधवारी, दुपारी*

हॅलो?… झालं गो! जागी हाय, बोलतेय… सुईनेच. आधी हाताला मलम लावून तासभर ठेवलं, कातडी बधिर झाली. सुई टोचली तर ही डॉक्टरांनाच विचारते, "मारली काय?"… नाय, ताप नाय. सारखे बघून जातायत. वासाचं औषध खोलीतसुद्धा ठेवलं नव्हतं म्हणे… उलटी एक पण नाय. बाकीच्यांना दोन तासांत सोडलं, हिला संध्याकाळपर्यंत बघणार.

… डोळा लाल हाय, टोमॅटोसारखा. पण आये… तिने माझ्याकडे बघितलं… नाय गो, नेहमीसारखं नाय. दोन्ही डोळ्यांनी.

… नाय, रडत नाय… बरं, रडते. तू पण रडतेस की!

… हो, सगळ्यांना सांग. मामाच्या पोरांना, त्यांच्या पोरांना. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिलीय, तिच्या झेरॉक्स काढते. एक तुला, एक मला… मला नको कशी? समीच्या वेळी सिझरला कमरेत सुई दिली म्हणून निभावलं माझं. नायतर…

… जाऊ दे. थांब, ती फोन मागतेय. घे समी, आजी हाय. नीट धर… अगो आये, हळू! डोळ्याचं ऑपरेशन झालंय, कान शाबूत हायत तिचे!