उजवा खांदा

कमला : वाच की ती तुमच्या म्युझियमची पाटी परत. माझा चष्मा आटोतच राहिला.

सिद्धी : हो आजी. "डिझायनर मनोरमा पिसे, १९६०. गाऊनचं रेखाचित्र. उजवा खांदा मुद्दाम उतरता. समतोलाविरुद्धचं बंड."

कमला : बंड! ऐकलंस, अण्णा? घरात त्याला खोड म्हणायचे.

गुरुराज : कमला, स्वल्प हळू. म्युझियम आहे हे.

सिद्धी : एक मिनिट. कसली खोड?

कमला : माझा खांदा बघ ना. जन्मापासून असाच. मला बघायला येणारा मुलगा विलायतेहून आलेला. मुलगी साडीत नको, गाऊनमध्ये दाखवा म्हणाला. मग आईनं खांद्यावरून ही झालर सोडली. झाकायला.

सिद्धी : ओह! आणि लग्न?

कमला : झालं की. त्याचं. चहा देताना माझी झालर घसरली. मुलगी नापसंत, गाऊन पसंत. दुसरी मुलगी ठरली तेव्हा तिच्यासाठी तस्साच शिवून मागितला.

सिद्धी : आईंनी दिला?

गुरुराज : धंदा होता, मॅडम. त्या लग्नानंतर अख्खं कॅन्टोन्मेंट आमच्या दारात.

कमला : धडधाकट पोरी, माझ्यासारख्या दिसायला रांगेत. झालरी मीच टाचायची. मागणी खांद्याला होती, मला नव्हती.

सिद्धी : आजी, हे अमेझिंग आहे! पाटीवर घालू या.

गुरुराज : मुळीच नाही. डिझाइन कसलं, पोरीचं व्यंग झाकलं म्हणतील लोक. आईचं नाव जाईल. चित्र मी दिलंय. पाटी बदलली तर परत नेईन.

कमला : सगळं नको, अण्णा. 'कमलासाठी', एवढंच.

गुरुराज : तसं असतं तर आईनंच लिहिलं असतं.

कमला : तिनं चित्रात तोंडसुद्धा काढलं नाही माझं. खांदा तेवढा हुबेहूब.

सिद्धी : सॉरी आजी. डोनर सरच आहेत ना... आपण फोटो काढू या? फॅमिली विथ स्केच!

गुरुराज : हां, काढा.

सिद्धी : आजी, जरा आत सरका. मस्त. फक्त तो खांदा थोडा सरळ कराल?



गुरुराज : थांबा, मी तिच्या पुढे उभा राहतो. झाकला जाईल.

कमला : सरी, बरं, राहा उभा. तू तरी घसरू नकोस, अण्णा.