तालामाई वर्धमानला गेली नव्हती

पुरवणी जबाब
ठाणे सालगोरा, संथाल परगणा, झारखंड
दि. १७ मार्च, शुक्रवार, सकाळी १०.२०

मी छिता किस्कू, वय ३४ वर्षे, काम विद्यापीठाच्या पाहणीत गावातली नोंदणी, राहणार पिपरडंगाल, वरचा टोला (वस्ती). आज ठाण्यात आपण होऊन आले आहे. विचारल्यावरून सांगते ती हकिकत अशी की,

माझा मंगळवार दि. १४ रोजीचा जबाब मला वाचून दाखवला. त्यावरची सही माझी आहे. "दरड कोसळली त्या वेळी बंद खाणीत कोणीही नव्हते" असे मी त्यात सांगितले आहे. ते खरे नाही. माझी नणंद तालामाई हांसदा, वय २७ वर्षे, आत होती.

मी दीड वर्षापासून रांचीच्या एका विद्यापीठाच्या पाहणीत काम करते. खाणीजवळच्या गावांत चुलीत काय जळते, पाणी कुठून आणतात, जंगलातून काय मिळते आणि या कामात बायकांचा किती वेळ जातो, याची ती पाहणी आहे. माझ्याकडे एकशे बारा घरे आहेत. शिवाय सात विहिरींचे पाणी दर मंगळवारी मोजायचे असते. प्रत्येक घराला नंबर आहे, नाव कुठेही लिहीत नाही. कोणाचेही नाव बाहेर सांगणार नाही, असे प्रत्येक घरात वाचून दाखवूनच प्रश्न विचारायचे. तसे मी एकशे बारा वेळा वाचले आहे. त्यात आमचे स्वतःचे घरही आले.

आमच्या घरात मी, सासूबाई माको मरांडी आणि तालामाई अशा तिघी. माझे पती केरळात कामाला आहेत. तालामाईचे लग्न मोडल्यापासून ती माहेरी होती. जुनी खाण बंद झाली तरी तिच्या कडेला लोकांनी बिळे पाडली आहेत. तिथला कोळसा घरात जाळतात, उरलेला सायकलवरून बाजारात जातो. गावात हे सगळ्यांना माहीत आहे. तालामाई चार वर्षांपासून जात होती.

तिचे उत्तर मी फेब्रुवारीत घेतले. दिवसभरात काय जाळता, या प्रश्नावर ती म्हणाली, "लिही वहिनी, सकाळी कोळसा, दुपारी कोळसा, झोपताना नाकात कोळसा." शेवटचा प्रश्न दहा वर्षांनी तुम्ही काय करत असाल, असा आहे. त्यावर ती म्हणाली, "मी काय करणार? तू दहा वर्षांनी वही घेऊन येशील आणि हेच विचारशील." ते उत्तर मी लिहिले नाही. "सांगता येत नाही" या चौकोनात खूण केली.

मंगळवारी सकाळी सव्वासहा वाजता मी शाळेजवळच्या विहिरीवर दोरी सोडून पाणी मोजत होते. तालामाई टोपली आणि पहार घेऊन तिथून गेली. पाणी किती गेले, असे तिने विचारले. मागच्या महिन्यापेक्षा दोन हात खाली, असे मी सांगितले. ती म्हणाली, "जाऊ दे असंच. एक दिवस माझ्यापाशी येऊन पोचेल." त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही.

नऊ चाळीसला आवाज झाला. मी पोचले तेव्हा तिसऱ्या बिळाचे तोंड दिसत नव्हते. तिच्यासोबत गेलेल्या दोघी बाहेर बसल्या होत्या. त्या कोळसा ओढून आणायला तोंडाशी आल्या होत्या म्हणून वाचल्या. त्यांची नावे मी सांगणार नाही.

पोलीस आणि माती काढायचे मशीन येत असल्याचा निरोप साडेदहाला आला. तेव्हा गावचे प्रमुख, ज्यांना आम्ही मांझी म्हणतो, ते बरहन मुर्मू यांनी तिथल्या लोकांना सांगितले की आत कोणी नव्हते. नाव दिले तर कोळसाचोरीची केस होईल, आधी त्या घरावर आणि मग सगळ्या टोल्यावर. आपली माणसे आपण काढू. सासूबाई उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत. त्या मला म्हणाल्या, "तालामाई बंगालात वर्धमानला बटाटे काढायला गेली. कळलं का तुला? तुला लिहिता येतं म्हणून तुलाच विचारतील."

मलाच विचारले. एक वाजता मी जबाब दिला. आत कोणी नाही म्हणून तीन वाजता मशीन परत गेले.

त्यानंतर गावातले पुरुष फावड्यांनी खणू लागले. मी टोपल्या वाहिल्या. वरची माती सरकत राहिली, म्हणून अंधार पडल्यावर थांबले. काही ऐकू आले का, असे आता विचारले असता सांगते की मला ऐकू आले नाही. सासूबाई जमिनीला कान लावून बराच वेळ पडल्या होत्या. त्यांना ऐकू आले का, ते मी विचारले नाही.

बुधवारीही माती सरकली. दुपारी दोन वाजता मी पाहणीच्या प्रमुख मंदिरा लकडा मॅडम यांना फोन केला. नाव सांगितले तर नियम मोडतो का, एवढेच विचारले. त्या म्हणाल्या, "मोडतो. पण तो नियम लोक वाचावेत म्हणून केला होता, छिता. आता त्यानं कोण वाचतंय, ते तिथे उभी राहून तूच बघ." मी अकरा किलोमीटर चालत ठाण्यात आले. पाच वाजता नाव दिले. बीळ तोंडापासून किती हात आत जाते आणि कुठे डावीकडे वळते, ते कोळसा आणायला किती वेळ लागतो हे लिहिताना पाहणीसाठी मोजलेले होते. तो कागद दिला.

गुरुवारी सकाळी सातला मशीन आले. सव्वाअकरा वाजता ती सापडली. वळणाच्या पुढे, जिथे छताला लाकूड लावलेले आहे तिथे, बसलेली होती. अंगावर दगड नव्हता. डॉक्टरांनी मृत्यूची वेळ अंदाजे लिहिली आहे. ती मला वाचून दाखवली. ती मंगळवारची नाही.

काल दुपारी ओळख पटवण्यासाठी सासूबाईंना आणले. त्यांनी चेहऱ्यावरचे कापड काढून पाहिले आणि माझी मुलगी वर्धमानला आहे, असे सांगितले. मांझींनीही ओळखत नसल्याचे सांगितले. म्हणून पंचनाम्यात "अनोळखी स्त्री" असे लिहिले आहे. बेवारस म्हणून पुढची व्यवस्था होईल, असे मला सांगण्यात आले.

ती अनोळखी नाही. उजव्या हातावर कोपराखाली तीन ओळींचे गोंदण आहे. तिसरी ओळ अर्धी आहे. गोंदताना दुखले म्हणून ती उठून पळाली होती, हे तिनेच मला सांगितले होते. डाव्या पायाची करंगळी वाकडी आहे. अंगावरचा निळा ब्लाउज माझा आहे. मी तिला तालामाई हांसदा म्हणून ओळखते.

हे सांगितल्याचा परिणाम विचारला असता सांगते की काल संध्याकाळपासून माझी पेटी आणि चटई अंगणात आहे. टोल्यातल्या कोणी माझ्याशी बोलत नाही. घरावर केस झाली तर ती माझ्या नावावर घ्यावी. पाहणीचे काम मी सोडले आहे. वह्या मॅडमकडे पाठवल्या आहेत. त्या मागू नयेत, त्यात नावे नाहीत.

जबाब चालू असताना सासूबाई ठाण्याच्या फाटकाशी आल्याचे शिपायांनी सांगितले. मी खिडकीतून पाहिले. त्यांच्याजवळ तेलाची बाटली, हळद आणि नवे लुगडे आहे. आमच्यात मेलेल्या बाईला तेल-हळद लावून नवे लुगडे नेसवतात. त्या आत येत नाहीत आणि परतही जात नाहीत.

वरील मजकूर मला हिंदीत आणि नंतर महिला शिपायांकडून संथालीत ऐकवला. मी बोलले तसाच तो आहे. प्रेत ताब्यात मिळाल्याची पावती वेगळी आहे. तिच्यावर मी अजून सही केलेली नाही. संध्याकाळपर्यंत थांबावे. त्या आत आल्या, तर अंगठा त्यांचा घ्यावा.

(सही) छिता किस्कू