पॉलिसी मुरेपर्यंत

कडाड... असा आवाज झाला, तुम्हाला सांगतो, आणि तो आवाज मी ऐकला नसता तर आजचा हा घोटाळा झालाच नसता! कसला आवाज म्हणता? पाळण्याचा. माझा पोरगा तेव्हा तान्हा होता. सासऱ्यांनी हौसेनं दुकानातून पाळणा आणलेला, वर रंग झकास, आत लाकूड ओलं. आमच्या हिनं पोराला पाजायला उचललं, पाठ वळते न वळते तोच... कडाड. तळाची फळी मधोमध फाटली. मी सुतार माणूस, नुसता बघत उभा. त्या दिवसापासून एक मनाशी पक्कं केलं, लाकडाला मुरावं लागतं.

आता पुढं ऐका. पोराचं लग्न झालं. सूनबाई गुणाची हो, माझ्यासारख्या घुम्याशीसुद्धा तासभर बोलत बसायची, आणि मी फक्त "हं" म्हणायचो. तर त्याच वर्षी मी वखारीतून चांगली फळी निवडून आणली आणि माळ्यावर टाकली. पोरगा म्हणाला, "बाबा, हे काय?" म्हटलं, "पाळण्याचं लाकूड. मुरायला ठेवलंय." तो म्हणतो, "ठेवा, आमचा विमाही मुरायचाय."

विमा मुरतो? मला वाटलं पोरगा थट्टा करतोय. तर त्याच्या कारखान्याचा विमेवाला स्वतः घरी आला, काळा चष्मा डोक्यावर चढवून, आणि चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "काका, पॉलिसी आज घेतली आणि उद्या बाळंतपण, असं नाही चालत. तिला मुरावं लागतं. तोवर दोघांनी जरा... दम धरायचा." आणि हसला. म्हणजे आमच्या घरात मूल कधी यावं हे ह्या बिस्कीट बुडवणाऱ्यानं सांगायचं? पण करता काय? मोठ्या दवाखान्यातलं बाळंतपण आपल्या खिशातनं करायचं म्हणजे राहतं घर विकायला काढायचं. जाता जाता दारात बजावून गेला, "आणि हो, आधीचं काही दुखणं असेल तर लपवू नका. सापडलं की कंपनी हात वर करते." आम्हाला कसलं दुखणं? धरला दम.

विहीणबाईंचा फोन यायचा, "काही गोड बातमी?" आमची ही सांगायची, "मुरतेय हो." शेजारीण जिन्यात गाठायची, "अजून नाही?" हीच म्हणायची, "पॉलिसीला विचारा." आणि पॉलिसी मुरत आली, आली, आली... तर कारखान्यानं विमा कंपनीच बदलली. पुन्हा तोच विमेवाला, तोच चष्मा, तेच बिस्कीट. "नवी आहे ना, काका. हिलाही मुरावं लागतं."

डॉक्टरीण सूनबाईला म्हणाली, "विमा थांबेल बाई, वय थांबत नाही." त्यानंतर ती कमी बोलायला लागली. माझी फळी तर केव्हाच मुरली होती. हाताला काम हवं म्हणून मी ती उतरवली, रंधा मारला, पाळणा केला, आणि ठेवला बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात. ती येता-जाता त्याच्या काठावर हात ठेवून जायची. मी रंध्याची धार बघत बसायचो. आणखी काय करणार?

शेवटी मुरली एकदाची पॉलिसी. दिवस राहिले. घर कसं हलकं झालं. आणि मग सातव्या महिन्यात सूनबाईचे पाय सुजले, रक्तदाब चढला, डोळ्यांपुढं काजवे दिसायला लागले. डॉक्टरीण म्हणाली, "मोठ्या दवाखान्यात हलवा. दोघांच्या जिवाचा प्रश्न आहे." दवाखाना म्हणाला, "कंपनीचा होकार आणा, खाट देतो." कंपनी म्हणाली, "आधी आमचा माणूस येऊन बघेल."

आज आला तो. पोरगा दवाखान्यात हात जोडत उभा, आतल्या खोलीत सूनबाई आडवी, ही तिच्या उशाशी, आणि बाहेर कोण? मी. दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस.

बरं, माणूस इतका गोड! चपला दाराबाहेर काढल्या, पाणी मागितलं, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पाळण्यापाशी थांबला. "वा, आजोबा. तुम्ही केलात?" झालं. सुताराला असं विचारू नये, तुम्हाला सांगतो, सुताराला असं कधी विचारू नये... मी सुटलो. फळी लग्नाच्या वर्षीच कशी आणली, किती मुरवली, पाळणा होऊनही दुसरं वर्ष कसं लागलं, कुठं रेघभर चीर नाही...

"म्हणजे बाळ तेव्हापासूनच हवं होतं?"

"हवं म्हणजे? सगळं घर वाट बघतंय."

"आणि इतकी वर्षं होत नव्हतं." आवाज तसाच गोड, पेन मात्र कागदावर. "काहीतरी जुनं दुखणं असणार. कंपनीला कळवलं नाही वाटतं?"

मी म्हटलं, "अहो साहेब, दुखणं कुठलं? तुमच्यासाठीच थांबली ती पोरं. तुमची पॉलिसी मुरायची होती."

"आमच्यासाठी?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पाळण्याकडं. "पाळणा मात्र आधीच तयार."

आतून सूनबाईचा आवाज आला, खोल गेलेला. "बाबा... देतायत का होकार?"

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं बोटाच्या पेरानं पाळणा वाजवून बघितला. ठक, ठक. भरीव. एकदा आतल्या दाराकडं नजर टाकली, पेनाला टोपण लावलं, चपला घातल्या... आणि एक अक्षर न बोलता जिना उतरून गेला.

ओलं लाकूड परवडलं हो. ते निदान कडाड तरी म्हणतं.