एका प्लेटीएवढं आभाळ

ऐका. ए संपत, तो मोबाईल खिशात घाल आधी! माझी गोष्ट चालू असताना मधी उजेड नको.

आपल्या कालव्यावर सोलरच्या प्लेटा बसल्या, त्या सालची गोष्ट. उन्हानं पाणी उडून जायचं ते थांबलं, पार शेवटच्या रानापर्यंत यायला लागलं. खोटं कशाला बोलू, मोठं काम झालं ते. फक्त साती आसरांच्या शेंदरी दगडांपाशी बायांनी हट्टानं एका प्लेटीची जागा उघडी ठेवायला लावली. म्हणाल्या, ‘पाण्यातल्या बायांना आभाळ दिसू दे.’ तेव्हा सगळ्यात मोठ्यानं हसला कोण? आपला ठकाजी! ‘तेवढ्या भोकातनं माझं पाणी उडतंय,’ म्हणायचा. बुजवून टाका म्हणून कालव्याच्या साहेबांच्या मागंच लागला होता.

तर एका रात्री ठकाजीची पाण्याची पाळी. रान शेवटाला. भुईमुगाला आऱ्या सुटलेल्या, त्या मातीत शिरून शेंगा धरायची वेळ. आजचं पाणी चुकलं की शेंगा पोचट, हंगाम वाया. आणि आपली रीत ठाऊक आहे ना? वरच्याचं भिजलं की तो खालच्याला नावानं हाक मारतो. ‘ओ’ आली नाही, तर पाणी दुसऱ्याला. बायको म्हणाली, ‘सडकेनं जावा.’ ऐकतोय होय! जवळचं पडतं म्हणून गडी प्लेटांखालच्या काठानं निघाला.

आत काळाकुट्ट अंधार. शेजारनं पाणी चाललेलं. चालला, चालला. तर वर प्लेटांवर पावलं! छुम... छुम... जोडवी वाजावीत तशी. हा थांबला, तर तीही थांबली. ‘मांजर असंल,’ म्हणाला. जोडव्यांचं मांजर! मग हातातली बॅटरी विझली. आणि पुढनं हाक आली.

‘ठकाजीऽऽ! पाणी सोडलं रंऽऽ!’

आवाज हुबेहूब वरच्या रानातल्या सदूभाऊंचा. आता काय करावं माणसानं? अंधारातल्या हाकेला ओ देऊ नये, हे पोरासोरांना ठाऊक. पण ओ नाही दिली तर पाळी जाते! दुसरी हाक आली. डोळ्यांपुढं भुईमूग आला आणि गेला बोलून, ‘ओऽऽ! आलो!’

झालं! त्याला वाटतंय आपण काठानंच चाललोय. पण पायाला गार लागलं. मग गुडघ्याला. मग कमरेला! अहो, गडी कधीच कालव्यात उतरला होता! मागं फिरावं तर काठ गुळगुळीत सिमेंटचा, शेवाळलेला. हात टिकंना. पाणी छातीला आलं आणि वरच्या प्लेटा खालनं उजळल्या. दिवसभराचं ऊन आत साठल्यागत! त्या उजेडात सात बाया. ओले केस पाण्यावर पसरलेले, माना वर. अशा देखण्या, की ठकाजी भ्यायचंसुद्धा विसरला. त्याचे हात आपोआप जोडले गेले.

थोरली म्हणाली, ‘आमचं आभाळ बुजवणारा तो तूच ना?’

पाणी गळ्याला आलं. ‘चुकलो, आयांनो! ती जागा मी राखीन. मरेस्तोवर राखीन!’

उजेड मावळला. ठकाजीनं वर बघितलं, तर चांदण्या! तीच ती उघडी जागा. लोखंडी चौकट धरून कसाबसा वर आला आणि काठावर पालथा पडला.

तांबडं फुटताना रडतच रानात गेला. पाळी तर हुकलेलीच. जाऊन बघतो तर काय! भुईमुगाचा वाफा न वाफा भिजलेला. सदूभाऊ म्हणाले, ‘मी कुठं हाक मारली? माझंच भिजायचंय अजून.’ आणि बांधावरच्या चिखलात सात जणींची पावलं, कालव्याकडं गेलेली.

अजून दर पाळीला ठकाजी त्या दगडांपाशी दहीभात ठेवतो. तेव्हा हसणाराच तो! म्हणून सांगतो, प्लेटांखालनं कुणी जाऊ नका. पाळी गेली तर जाऊ दे, ओ देऊ नका.

संपत, उद्या रात्री तुझं पाणी आहे ना? सडकेनं जा बाबा.