बंद नाकाची बिअर

माझा डावा कान आठवडाभर बंद होता, म्हणून आईने मला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे आणून बसवलं. उजव्याने मात्र दोन्ही कानांचं काम केलं. शेजारी कुणी अनोळखी भाऊ-बहीण बसले होते.

"ताई, मी बिअर बनवतो हे डॉक्टरांना सांगू नकोस."

"का रे?"

"बिअरवाल्याला वासच येत नाही म्हटल्यावर हसतील."

"हसू देत. मालकांना सांगितलंस?"

"कसं सांगू? गव्हाच्या बिअरची पहिली टाकी त्यांनी माझ्या एकट्यावर सोपवली होती. काढून घेतली असती."

"मग काय केलंस?"

"गव्हा-जवाचा रस उकळला. शेवटी कुटलेले धणे आणि संत्र्याची साल घातली. वास येईना, म्हणून आणखी मूठभर धणे घातले."

"एकच मूठ?"

"चार."

"अरे शहाण्या, चाखायची तरी."

"चाखली ना. गरम पाण्यासारखी लागली. आता आंबून तयार आहे. मालक आज चार वाजता चाखणार."

"त्याआधी फोन कर. आत्ता, माझ्यासमोर."

"साहेब, मी बोलतोय. टाकी लावली तेव्हा मला वास येत नव्हता. लपवलं मी. धणे नुसते अंदाजाने पडलेत... हो... हो साहेब."

"काय म्हणाले?"

"सकाळीच चाखली म्हणे. ओतून टाकायला सांगितली."

"आणि तुझं काय?"

"पुढची टाकीही मीच लावायची. फक्त धणे घालताना शेजारी एक चालू नाक उभं करायचं."

"मग माझ्याकडे काय बघतोस?"