मिरचीच्या ओळीतली चाल

अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलं असेल, माफ करा, चौथीनंतर मी शाळा पाहिली ती एकदम अंगणवाडीत मदतनीस लागल्यावर. लहानपणी आईबरोबर नंदुरबारला मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, मजुरीला जायची. वाळत घातलेल्या मिरचीच्या ओळींमधून डोक्यावर टोपली घेऊन चालायचं, आणि मिरची पायाखाली आली की मुकादम वाट्टेल ते बोलायचा. आई म्हणे, खाले नको देखू पोरी, ओळना शेवट देख, पाय आपोआप सरळ पडस.

आमच्या अंगणवाडीच्या बाई नव्या, शिकलेल्या, पण मुलं चालता चालता एकमेकांवर पडत आणि बाई रडकुंडीला येत. मला म्हणाल्या, मंगलाताई, प्रशिक्षणात तोल शिकवा म्हणून सांगितलं, पण करून कसं घ्यायचं? मला बोलायची लाज, म्हणून करूनच दाखवलं. घरच्या पैशानं दोरी आणि वाट्या आणल्या, अंगणात ओळी टाकल्या, पोरांच्या डोक्यावर चिंचोके भरलेली वाटी ठेवली आणि ओळीच्या शेवटाला मी उभी राहिले, माझ्याकडे देखा म्हणून. घरी आले की माझी जाऊ म्हणायची, उनी का फुकटनी मास्तरीण! पण सारखी पडणारी रोशनी महिन्याभरात ओळ पार करून ओरडली, मावशी देख, वाटी पडनी नही! बाईंनी माझे हात धरले, म्हणाल्या, तपासणीला साहेब आले की तुमचंच नाव सांगेन. काय सांगू तुम्हाला, मी आठ दिवस आरशासमोर नमस्कार करून बघत होते.

साहेब आले त्या दिवशी बाई म्हणाल्या, ताई, तुम्ही खिचडीकडे बघा. खिडकीतून ऐकू आलं, साहेब, हा माझा उपक्रम. मग मुलांना म्हणाल्या, नीट खाली बघून चाला. खाली बघितलं की मान वाकते, मग वाटी राहील कशी, एकेक पडायला लागली, रोशनीचे ओठ थरथरले. मला राहवलं नाही, हातात पळी तशीच, खिडकीतून ओरडले, पुढे देखा रे, पुढे! मुलं सरळ चालली. साहेब म्हणाले, त्या कोण? बाई हसून म्हणाल्या, मदतनीस आहे, मध्ये मध्ये बोलायची सवय आहे तिला. आणि मी तर चार माणसांत तोंड उघडत नाही. टाळ्या बाईंना पडल्या.

मुलं अजून ओळीच्या शेवटाला मलाच शोधतात, मी उभी राहते. त्यांचे पाय सरळ पडू देत, एवढंच देवाला मागते. काल बाईंनी पाकीट दिलं, दोरीचे, वाट्यांचे पैसे. म्हणाल्या, मोजून घ्या ताई, आपल्यात काही बाकी नको. मी मोजले. पुरे होते, एक रुपयाही कमी नव्हता.